मोकळ्या रस्त्यावर थरथरणारी आणि तावदानासमोर गप्प बसणारी काठी: सोनारच्या शून्याचं काय करायचं?

ही तक्रार दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येते, प्रोजेक्ट सबमिशन तोंडावर आलं की. "सर, अंधांसाठी स्मार्ट काठी केलीय. लॅबमध्ये झकास चालते. बाहेर नेली की समोर काही नसताना थरथरत राहते." रोबोटवाल्यांची तक्रार हिचीच जुळी बहीण. गाडी मोकळ्या हॉलच्या मधोमध दचकून थांबते, मागे येते, स्वतःभोवती फिरते आणि मग सरळ जाऊन भिंतीवर आपटते.

दोन्हीकडे सामान तेच असतं: सोनार, म्हणजे ऐकू न येणारा आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा दोन डोळ्यांचा एचसी-एसआर०४ सेन्सर, एक आर्डुइनो (सेन्सर वाचून मोटर चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड), मोबाईलमध्ये असते तशी चपटी थरथरणारी मोटर किंवा गाडीच्या दोन मोटरी, आणि चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी. आजवर हेच उत्तर तुकड्यातुकड्यांनी इतक्या जणांना दिलंय की आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी तो उपाय, जो तुम्ही बहुधा करून बसला आहात

माझ्याकडे येईपर्यंत बहुतेकांनी कोडमध्ये एक ओळ घातलेली असते: अंतर शून्य आलं तर दुर्लक्ष करा. थरथर थांबते, परीक्षक खूश होतात, प्रोजेक्ट पास होतो.

अशीच एक काठी आमच्याकडच्या काकांनी वापरून बघितली. काका जन्मापासून अंध, पांढरी काठी घेऊन शहरभर फिरणारे. मुलं काही नवीन घेऊन आली की आम्ही आधी त्यांच्या हातात देतो. व्हरांड्यात खिडकीचं एक तावदान अर्धवट बाहेर उघडलेलं होतं, छातीच्या उंचीवर. पांढऱ्या काठीचं टोक त्याच्याखालून निघून गेलं; ते तसं जाणारच, म्हणून तर वर सेन्सर लावायचा. सेन्सर मात्र शेवटपर्यंत गप्प. खांद्याला तावदानाची कड लागली. काका चिडले नाहीत, फक्त म्हणाले, "नुसतीच वाजली असती तर चाललं असतं. गप्प होती म्हणून मी पाऊल टाकलं."

त्या तिरक्या काचेकडून येणारी सगळी शून्यं त्या एका ओळीने गिळून टाकली होती.

शून्याचा अर्थ नीट समजून घ्या. ट्रिगरच्या पायावर (पिनवर) १० मायक्रोसेकंदांचा ठोका दिला की सेन्सर ४० किलोहर्ट्झच्या ८ लहरी सोडतो आणि इकोचा पाय वर करतो. पहिला प्रतिध्वनी आला की तो पाय खाली. त्याला एवढंच सांगता येतं. तो पाय किती वेळ वर होता हे आर्डुइनोचं पल्सइन हे फंक्शन मोजतं, आणि तुम्ही घातलेल्या मुदतीत मोजणी पुरी झाली नाही तर ० परत करतं. अशा सेन्सरांसाठीची तयार न्यूपिंग लायब्ररीही प्रतिध्वनी न आल्यास ०च देते. हे शून्य म्हणजे "उत्तर आलं नाही". तुमचा कोड त्याला आधी "अडथळा नाकाला टेकलाय" असं वाचत होता. दुर्लक्षाची ओळ घातल्यावर "रस्ता मोकळा" असं वाचू लागला. सेन्सर यातलं काहीच म्हणाला नव्हता.

ज्यांनी मुदत घातलेली नाही, त्यांच्याकडे शून्याऐवजी ६५० सेंटिमीटरसारखे आकडे दिसतात. मोकळ्या जागेत साधारण ३८ मिलिसेकंदांनी सेन्सर कंटाळून स्वतःच इको खाली टाकतो, त्याचा हा गुणाकार आहे. चार मीटरपर्यंत बघणाऱ्या सेन्सरने साडेसहा मीटर सांगितले तर ते अंतर नव्हे, तेही शून्याचंच दुसरं रूप.

सेंटिमीटर बाजूला ठेवा

पहिलं काम: स्क्रीनवर सेंटिमीटर छापणं बंद करा आणि पल्सइनचे कच्चे मायक्रोसेकंद छापा. सोबत मोटर चालू आहे की बंद, हेही त्याच ओळीत. समोर एक मीटरवर परीक्षेचा पॅड सरळ धरा, साधा पुठ्ठ्याचा चालेल. सुमारे ५८०० आकडा यायला हवा, कारण एका सेंटिमीटरच्या जाण्यायेण्याला ५८ मायक्रोसेकंद लागतात. अशा दोनशे ओळी घ्या आणि बसून वाचा. फिल्टर नको, सरासरी नको. रोग लपवायचा नाही, बघायचाय.

शून्यं मोटर चालू असलेल्या ओळींवरच पडत असतील तर तुम्ही पुढच्याच परिच्छेदात आहात.

मोटर आणि बॅटरीचं दुष्टचक्र

मला सगळ्यात जास्त वेळा सापडणारा आजार हाच, आणि तो कोडमध्ये शोधून कधीच सापडत नाही. चपटी मोटर चालताना ७०-१०० मिलिअँपिअर घेते, सुरू होतानाच्या क्षणी त्याहून बरेच जास्त. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी स्मोक डिटेक्टरसारख्या थेंबथेंब पिणाऱ्या वस्तूंसाठी ठीक; असा घोट घेतला की तिचा दाब कोसळतो. ५ व्होल्टची लाइन क्षणभर वाकते. त्या क्षणी सेन्सरचा ट्रिगर हुकतो, किंवा त्याचा कान त्या धक्क्यालाच प्रतिध्वनी समजतो. आकडा आला शून्य किंवा फार लहान. कोड म्हणतो अडथळा, मोटर चालू. मोटर चालू झाली की दाब पुन्हा कोसळतो. काठी स्वतःच्याच थरथरीला घाबरून थरथरत राहते.

लॅबमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे काठी लॅपटॉपच्या यूएसबीवर चालत असते. बाहेर जाताना बॅटरी लावता, आणि दोष मात्र "बाहेर" या शब्दाला देता. साधा मल्टिमीटर हा खड्डा दाखवणार नाही, तो फार सावकाश बघतो.

तपासणी दोन मिनिटांची. मोटरची वायर काढा, तिच्या जागी रेझिस्टरसकट एलईडी लावा, बॅटरी तीच ठेवा. भुतं पळाली तर निदान पक्कं. उपाय: सेन्सरच्या व्हीसीसी (पुरवठ्याचा पाय) आणि ग्राउंडला अगदी लगटून १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याच्या जोडीला ०.१ चा, मोटर ट्रान्झिस्टरवरून चालवा आणि तिच्यावर उलटा डायोड टाका, चौकोनी बॅटरीच्या जागी पॉवरबँक किंवा लिथियम सेल आणि त्याचे व्होल्ट वाढवणारा बूस्टर. आर्डुइनोच्या पायावरून थेट मोटर चालवणाऱ्यांनी आधी हात जोडून माफी मागावी, त्या पायाची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअरची आहे. याउपर एक सोपी युक्ती: थरथर सलग न देता ठोक्याठोक्याने द्या, आणि मोजणी ठोक्यांच्या मधल्या शांततेत करा. वापरणाऱ्यालाही ठोक्यांचा वेग हाताला जास्त स्पष्ट कळतो.

रोबोटच्या मोटरी तर याहून खादाड. तिथे सेन्सर-कंट्रोलरचा पुरवठा आणि मोटरींचा पुरवठा वेगळा, फक्त ग्राउंड एक.

याच टप्प्यावर ब्रेडबोर्डचे जंपर हलवून बघा. काठी चालताना जमिनीवर आपटते. ब्रेडबोर्ड त्यासाठी जन्माला आलेला नाही. सोल्डर करा. ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय हे ३.३ व्होल्टचे बोर्ड वापरणाऱ्यांनी इकोचे ५ व्होल्ट १ किलो आणि २ किलोच्या दोन रेझिस्टरांनी ३.३वर आणावेत, नाहीतर तो पाय हळूहळू मरतो आणि मरताना वाटेल ते सांगतो.

अडकलेला इको आणि घाई

काही स्वस्त मॉड्यूल प्रतिध्वनी आला नाही तर ३८ नाही, जवळजवळ २०० मिलिसेकंद इको वर धरून बसतात. तुमची मुदत ३० मिलिसेकंदांची असेल तर पुढचे दोन-तीन ट्रिगर वाया जातात आणि शून्यांची माळ लागते. ट्रिगर देण्याआधी इकोचा पाय खाली आलाय का बघा, एवढंच.

दोन मोजण्यांमध्ये निदान ६० मिलिसेकंद सोडा. दर २० मिलिसेकंदांनी ठोके दिलेत तर पाच मीटरवरच्या भिंतीचा प्रतिध्वनी २९ मिलिसेकंदांनी, दुसऱ्या ठोक्यानंतर पोचतो आणि दीड मीटरवर अडथळा असल्याचं भासवतो. मोकळ्या हॉलमध्ये दचकणाऱ्या गाड्यांपैकी पुष्कळ याच घाईच्या.

लॅबची फरशी आणि रस्त्याची खडी

वीज ठीक, कोड ठीक, तरी बाहेर थरथर. आता काठी कुठे बघतेय ते पाहा.

४० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी हवेत साधारण ८.६ मिलिमीटर. ज्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा याहून खूप कमी, तो त्या लहरीला आरसा. लॅबची गुळगुळीत फरशी आरसाच. तिच्यावर तिरका पडलेला आवाज पुढे निघून जातो, सेन्सरला फरशी दिसतच नाही. रस्त्यावर उखडलेल्या डांबरातून डोकावणारी खडी मात्र लहरीच्या लांबीएवढी किंवा मोठी. ती आवाज सगळीकडे उधळते, थोडा तुमच्याकडेही. म्हणून एकच काठी एकाच कोनात लॅबमध्ये शांत आणि रस्त्यावर बडबडी. गवत, वाळूचा ढीग, पेव्हर ब्लॉकच्या वर आलेल्या कडा, सगळ्यांचं हेच.

हिशोब करून बघा. मुठीजवळचा सेन्सर जमिनीपासून ८५ सेंटिमीटर. झोत मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना साधारण १५ अंश पसरतो. सेन्सर अगदी आडवा बघत असेल तर झोताची खालची कड सुमारे ३.३ मीटरवर जमिनीला लागते. तो १० अंश खाली झुकला तर दोन मीटरवर, २० अंश झुकला तर दीडच मीटरवर. तुमची मर्यादा दोन मीटरची असेल आणि मनगट जरा सैल पडलं, तर काठी जमिनीलाच अडथळा म्हणणार. तिचं चूक नाही.

काठी धरल्यावर तिचा दांडा जमिनीशी ४५-५० अंशांत असतो. सेन्सर दांड्याच्या रेषेत चिकटवला तर तो पायांपुढची जमीन बघतो, काटकोनात चिकटवला तर आभाळ. पहिल्या फेरीत ही चूक जवळजवळ सगळे करतात, कारण काठी टेबलावर आडवी ठेवून सेन्सर चिकटवलेला असतो. वापरणाऱ्याच्या हातात काठी देऊन, त्याला चार पावलं चालू देऊन, मग मोबाईलच्या लेव्हल ॲपने सेन्सरचा कोन मोजा आणि आडव्याहून १० ते १५ अंश वर ठेवा. कोन बदलता येईल असं बिजागर लावलंत तर उत्तम. काका ठेंगणे आहेत आणि मूठ पोटाशी धरतात; त्यांच्यासाठी बसवलेला कोन त्यांच्या सहा फुटी पुतण्याच्या हातात साफ चुकला होता.

वर बघितलं की खालचे खड्डे दिसणार नाहीत, अशी शंका येईल. ते सेन्सरला तसेही धड दिसत नाहीत. उघडं गटार, उतरती पायरी हे काठीच्या टोकाचं काम आणि ते टोक हजार सेन्सरांपेक्षा ते चोख करतं. दिल्लीच्या आयआयटीत तयार झालेली आणि २०१४ मध्ये बाजारात आलेली स्मार्टकेन बघा: नेहमीच्या घडीच्या पांढऱ्या काठीवर बसणारी मूठ, आणि तिचं लक्ष गुडघ्याच्या वरच्या अडथळ्यांवर. टेम्पोचा उघडा फाळका, अर्धं वर केलेलं शटर, एसीचा बाहेरचा डबा, झुकलेली फांदी. काम एवढंच ठरवलं तर ते नीट होतं.

तिरकी काच

आता त्या तावदानाकडे. हा दोष दुरुस्त होत नाही, हे आधीच सांगतो.

काच सोनारला दिसते. कॅमेरा आणि लेझर जिथे फसतात तिथे सोनार जिंकतो, पण सरळ समोरून. काच, रंगवलेली भिंत, सनमायकाचं कपाट वीस-पंचवीस अंशांनी तिरकं झालं की आवाज आरशावरच्या उजेडासारखा दुसरीकडे जातो. कधी दुसऱ्या भिंतीवरून फिरून येतो आणि एक मीटरवरचं कपाट अडीच मीटरवर दाखवतो. उलट दोन भिंतींचा काटकोनी कोपरा आवाज आल्या वाटेने परत पाठवतो. त्यामुळे रोबोटला बाजूची भिंत दिसत नाही, लांबचा कोपरा ठळक दिसतो, आणि तो भिंतीला घासत कोपऱ्याकडे निघतो. विजेचा खांब मात्र गोल असल्याने कुठल्याही बाजूने दिसतो, फक्त जवळ गेल्यावर. गादी, जाड पडदा, घोंगडी आवाज पिऊन टाकतात.

ही डोकेदुखी जुनी आहे. पोलरॉइडने १९७८ मध्ये कॅमेऱ्याच्या ऑटोफोकससाठी सोनार आणला आणि तोच सेन्सर पुढे प्रयोगशाळांतल्या रोबोटांच्या अंगाभोवती कड्यासारखा बसला. कार्नेगी मेलन विद्यापीठात हान्स मोरावेक आणि अल्बर्टो एल्फेस यांनी १९८५च्या सुमाराला त्यावर जो तोडगा काढला तो आजही कामाचा: एका प्रतिध्वनीवर विश्वास ठेवू नका. जमिनीचे चौकोन पाडा, आणि प्रत्येक मोजणीला त्या चौकोनांवरचं एक मत समजा. रोबोट हलतो, कोन बदलतो, मतं साठतात. एखादी तिरकी भिंत दहा जागांवरून नऊ वेळा निसटली तरी दहाव्या वेळी सापडते.

काठीला हीच सोय फुकट मिळते, कारण हात तिला डावी-उजवीकडे फिरवतच असतो. म्हणून झोकाभर, म्हणजे साधारण एका सेकंदातल्या मोजण्या लक्षात ठेवा आणि त्यातला सर्वांत जवळचा भरवशाचा आकडा कळवा. झोक्याच्या एका टोकाला तावदान क्षणभर सरळ समोर येऊ शकतं. आलंच पाहिजे असं नाही.

न्यूझीलंडच्या लेस्ली के यांनी अंधांसाठी केलेली सोनारची उपकरणं, १९६०च्या दशकापासूनची, अंतराचा आकडा देतच नव्हती. परत आलेल्या लहरी ऐकू येणाऱ्या सुरांत बदलून कानात सोडायची. झुडूप आणि भिंत वेगळी ऐकू यायची. शिकायला वेळ लागे, पण निर्णय माणसाचा मेंदू घेई. आपण सगळं ज्ञान एका "जर १०० पेक्षा कमी" मध्ये कोंबतो आणि मग सेन्सरला नावं ठेवतो.

किल्ल्या, शेजारी, ऊन

काकांची एक काठी फक्त त्यांच्या हातातच बिघडायची. माझ्याकडे ठीक, मुलांकडे ठीक. दोन आठवडे डोकं खाजवलं. काका घराच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच मनगटाला अडकवत. किल्ल्या खुळखुळल्या की आपल्याला ऐकू येणाऱ्या आवाजाच्या वर, ४० किलोहर्ट्झच्या आसपास, चांगलाच गोंगाट होतो. बसचा एअर ब्रेक सुटतो तेव्हाही तसाच. किल्ल्या खिशात गेल्या, काठी बरी झाली.

एकाच रोबोटवर तीन-चार सेन्सर असतील तर सगळे एकदम ओरडू देऊ नका, पाळीपाळीने. अंधशाळेत दोन काठ्या समोरासमोर आल्या तर पाळी कोण ठरवणार? तिथे दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी थोडं कमीजास्त करा, ६० ते ८०च्या मध्ये कुठेही. स्वतःचा प्रतिध्वनी जागच्या जागी राहतो, परक्याचा इकडेतिकडे उड्या मारतो आणि ओळखू येतो. मिशिगन विद्यापीठात बोरेन्स्टाइन आणि कोरेन यांनी याच धाग्यावर, ठोक्यांमधला उशीर बदलत ठेवून, रोबोटांचे परके प्रतिध्वनी गाळले होते.

तापमानाचं फार मनावर घेऊ नका. ४५ अंशांच्या नागपुरी मे महिन्यात आवाज सेकंदाला सुमारे ३५९ मीटर धावतो, २० अंशांना ३४३. दोन मीटर १९१ सेंटिमीटर दिसतील. काठीला फरक पडत नाही. नकाशा काढणाऱ्या रोबोटला पडतो, त्याने थर्मामीटर लावावा.

पावसासाठी वॉटरप्रूफ जेएसएन प्रकारचा सेन्सर घेतलात तर लक्षात ठेवा, तो एकाच पडद्याने बोलतो आणि ऐकतो. बोलून झाल्यावर पडदा शांत व्हायला वेळ लागतो, म्हणून २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं त्याला कळत नाही.

मग कोडमध्ये काय

सरासरी काढू नका. १२०, १२०, ०, १२०, १२० यांची सरासरी ९६, म्हणजे तिथे नसलेला अडथळा. शून्याच्या जागी ४०० आला तर १७६, म्हणजे असलेला अडथळा लांब पळाला. पाच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. दोन्ही वेळा १२०च मिळतो. पाच मोजण्यांना ३०० मिलिसेकंद, तेवढ्यात माणूस फूटभर पुढे जातो, ते मर्यादेत धरा.

आणि मुख्य बदल: उत्तरं दोन नव्हेत, तीन ठेवा. अडथळा आहे. मर्यादेबाहेर काहीतरी आहे, म्हणजे तिथवर रस्ता मोकळा. आणि उत्तर नाही. उत्तर नसेल तेव्हा रोबोटने वेग निम्मा करावा आणि थोडं वळून पुन्हा विचारावं. काठीने काय करावं यावर आमचे वाद झाले. मुलांचं म्हणणं, उत्तर नाही तर वेगळी हलकी थरथर द्या. काकांनी ती अर्धा तास सोसली आणि बंद करायला लावली, कारण मोकळ्या मैदानात ती थांबतच नाही. शेवटी ठरलं ते असं: उत्तर येत होतं आणि अचानक बंद झालं, तरच एक छोटा ठोका. मैदानात गप्प, तावदानाजवळ टिचकी. टिचकी आली की काका मोकळा हात कपाळापुढे धरतात.

एवढं करूनही अडलं तर मला कोड पाठवू नका. कच्च्या मायक्रोसेकंदांच्या दोनशे ओळी पाठवा, मोटर कधी चालू होती त्यासकट, बॅटरी कुठली ते लिहून, आणि काठी हातात धरलेला बाजूने काढलेला एक फोटो. मनगटाला काय काय अडकवलंय तेही फोटोत दिसू दे.